पार्लर दोघींचं, कागद कुणाचा?

तालुक्याच्या बाजारपेठांत आता गल्लोगल्ली ब्युटी पार्लर दिसतंय. कोर्स झाला, गाळा मिळाला की बोर्ड लागतो. कागदपत्रं मात्र मागे राहतात.

एकटीचा धंदा असेल तर एकल मालकी पुरते. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. उद्यम नोंदणी आधारवर मोफत होते. त्यासाठी एजंटाला पैसे मोजू नका. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीही सहसा लागत नाही.

खरी गोची होते ती दोघी मैत्रिणी किंवा जावा-जावा मिळून पार्लर काढतात तिथे. खुर्च्या एकीच्या, गाळ्याचं डिपॉझिट दुसरीचं आणि हिशेब तोंडी. पुढे बिनसलं तर? फर्म नोंदलेली नसेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ६९ आड येतं. करारातला हक्क मागायला भागीदारावर दावा लावता येत नाही. फर्म मोडून हिशेब मागता येतो, म्हणजे चालतं पार्लर बंदच करायचं.

म्हणून बोर्ड रंगवण्याआधी भागीदारी करार लिहा आणि फर्म नोंदवा. नातं टिकवायचं असेल तर हिशेब कागदावरच हवा.