ओढणाऱ्याच्या नावावर परवाना

मोटारी जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यावरून माथेरानच्या बाजारपेठेकडे निघालेली हातरिक्षा एकट्याच्याने जात नाही. एक जण पुढून ओढतो, दोघे मागून रेटतात आणि उतार लागला की तेच दोघे मागे खेचून गाडी आवरतात. इंग्रज साहेबांच्या काळापासून चालत आलेली ही वाहतूक सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये मानवी प्रतिष्ठेच्या विरोधात असल्याचे ठरवले आणि ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाचा हा निकाल पर्यटनातून गरिबी हटते असे मानणाऱ्या प्रत्येकाने वाचावा.

कारण माथेरान हे काही नवे पर्यटनस्थळ नव्हे. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट इथे आले आणि १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी डोंगर चढू लागली. तेव्हापासून मुंबईचा पैसा दर सुट्टीला वर येत राहिला. इतक्या वर्षांत हॉटेले उभी राहिली, जमिनींचे भाव चढले. मात्र ज्यांच्या अंगमेहनतीवर हे सारे चालले, त्यांच्यातल्या अनेकांच्या पुढच्या पिढीच्याही हाती रिक्षाचा दांडा, घोड्याचा लगाम किंवा डोक्यावरचे ओझेच आले. पर्यटकाचा पैसा गावात येणे आणि गरिबाच्या घरात टिकणे यांत फार अंतर आहे. ते पडते मालकीमुळे. खोली, जागा, दुकान ज्याचे, मिळकत त्याची. बाकीच्यांना फक्त मजुरी, तीही हंगामापुरती.

केंद्र सरकारने २००३ मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केले. गावात मोटारींना मनाई आहे; या मोटारबंदीने तिथले जंगल राखले, ती राहिलीच पाहिजे. पण त्या बंदीचा भार कोणी वाहिला? गॅसचे सिलिंडर, भाजी, सिमेंट, पाहुण्यांच्या बॅगा, सारे माणसाच्या डोक्यावरून किंवा घोड्याच्या पाठीवरून गेले. डोंगरउतारावरच्या ठाकर-कातकरी वाड्यांतल्या बायका जांभळे, करवंदे घेऊन पायवाटेने वर येतात आणि अंधार पडायच्या आत उतरतात. पर्यटनाच्या नकाशात त्यांच्या वाड्या कुठेच नाहीत.

न्यायालयाने या दुखण्यावर नेमके बोट ठेवले आहे. ई-रिक्षा हातरिक्षा ओढणाऱ्या खऱ्या श्रमिकांनाच द्याव्यात, उरलेल्या ई-रिक्षा गरजेनुसार आदिवासी महिलांना व अन्य स्थानिकांना द्याव्यात, गुजरातच्या केवडिया इथल्या ई-रिक्षा योजनेसारखी व्यवस्था उभारावी आणि सरकारने पैसा नाही ही सबब सांगू नये, असे हा निकाल सांगतो. म्हणजे साधन गरिबाच्याच हाती द्या.

धोका अंमलबजावणीत आहे. हातरिक्षांचे परवाने ९४, पण प्रत्येक रिक्षेमागे राबणारे तिघे. मागून रेटणाऱ्या दोघांचे नाव सरकारी कागदावर असेलच असे नाही. एक ई-रिक्षा एकाच चालकाला काम देते. मग या दोघांनी कुठे जायचे? परवाना गरिबाच्या नावावर आणि गाडी सावकाराची, हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. ई-रिक्षांमुळे आपला धंदा बुडेल ही घोडेवाल्यांची धास्तीही खरी आहे. त्यांना विरोधक ठरवून बाजूला सारले, तर एकाची गरिबी दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवल्यासारखे होईल.

म्हणून रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने रेटणाऱ्यांसह सर्व श्रमिकांची यादी करून ती नगरपरिषदेच्या फलकावर लावावी. परवाना विकता किंवा भाड्याने देता येणार नाही अशी अट घालावी. गाडीचा खर्च सरकारने उचलावा. घोड्यांचे मार्ग आणि दर ठरवून द्यावेत आणि वाड्यांतल्या बायकांना बाजारपेठेत बसायला हक्काची जागा द्यावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. न्यायालयाचा आदेश पुरेसा आहे, तो अक्षरशः पाळावा.