सहा एकर, साडेचार लाख आणि आयआयटी



मृग लागून आठवडा होत आला, पावसाचा पत्ता नाही. घरचं सोयाबीन उगवण बघायला ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलंय, शंभर दाणे मोजून. त्याचा निकाल शेवटी सांगतो. आजची नोंद पिकाची नाही, पुतण्याची आहे.

पोराला दहावीला ९४ टक्के पडले. पेढे वाटून होतात न होतात तोच शहरातल्या एका क्लासचा फोन. दोन वर्षांची फी, होस्टेल, मेस, सगळं मिळून साडेचार लाख. "आयआयटी पक्की समजा," असंही म्हणाले. धाकट्या भावाच्या वाटणीला सहा एकर आलंय, त्यातलं चार एकर कोरडवाहू. तो त्यातलं एक एकर गहाण ठेवायला निघाला. मला विचारायला आला. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो, कारण या महिन्यात हाच हिशोब बऱ्याच घरांत चालू असणार.

आधी आकडे बघा. २०२४ साली जेईई मेन दिली १४ लाखांवर मुलांनी. त्यातल्या साधारण अडीच लाखांना पुढच्या ॲडव्हान्सला बसायची परवानगी मिळाली. प्रत्यक्ष बसली १ लाख ८० हजार. पात्र ठरली ४८ हजार. आणि २३ आयआयटी मिळून जागा होत्या १७,७४०. म्हणजे सुरुवातीला उभ्या राहिलेल्या ऐंशी पोरांमागे एक जागा, तीही सगळे प्रवर्ग धरून.

आपली खरी गल्लत होते ती टक्के आणि पर्सेंटाईलमध्ये. ९९ पर्सेंटाईल ऐकलं की आपण हार आणतो. पण १४ लाखांत ९९ पर्सेंटाईल म्हणजे पुढे अजून १४ हजार पोरं उभी आहेत. त्या साली खुल्या गटाला नुसतं ॲडव्हान्सला बसायला ९३.२३ पर्सेंटाईल लागलं. दहावीच्या ९४ चा याच्याशी काही संबंध नाही. दहावीला बेस्ट ऑफ फाइव्ह असतं, वर चित्रकलेचे, खेळाचे वाढीव गुण. पोराची मेहनत मी कमी लेखत नाही, पण ती पट्टी वेगळी आणि ही वेगळी.

आता आरक्षणाचं. आमचं घर खुल्या गटातलं. भावाला वाटत होतं ईडब्ल्यूएस मिळेल. केंद्राच्या नियमात कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत पाहिजे, आणि शेतजमीन पाच एकरांच्या आत पाहिजे. कोरडवाहू की बागायत, कोणी विचारत नाही. सात लाख पगार आणि हजार फुटांच्या आतला फ्लॅट असलेला माणूस यात बसतो, आणि दुष्काळी पट्ट्यातला सहा एकरवाला बसत नाही! यावर कुठल्या मोर्चात एक फलक दिसला नाही मला. आपल्या राज्याचं एसईबीसी आयआयटीत चालत नाही. ओबीसी असाल तर नॉन-क्रिमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, तोही प्रवेशाच्या वर्षी १ एप्रिलनंतर काढलेला. जुना दाखला घेऊन बसलात तर पोराचा नंबर असून प्रवर्गाची जागा हातची जायची.

एक गोष्ट मात्र भावाला माहीतच नव्हती. आयआयटीत गेल्यावर कुटुंबाचं उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर शिक्षण शुल्क पूर्ण माफ, एक ते पाच लाख असेल तर दोन तृतीयांश माफ. एससी, एसटी आणि दिव्यांग मुलांना पूर्ण माफ. होस्टेल-मेसचा खर्च वेगळा. म्हणजे गरीब घराचा मोठा पैसा जातो तो आत गेल्यावर नाही, दारापर्यंत पोचतानाच.

क्लास खोटे असतात असं मी म्हणत नाही. तालुक्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्राला धड मास्तर नसतो, हे खरं आहे. क्लासमुळे शिस्त लागते, बरोबरीची पोरं भेटतात. पण एक बघा. हे क्लासवाले आधी परीक्षा घेतात आणि ज्याचा नंबर लागेल असं वाटतं त्याला फीमध्ये मोठी सूट देतात. आपल्याकडे पूर्ण फी मागितली, तर आपल्या पोराबद्दल त्यांचं स्वतःचं मत काय आहे ते त्या पावतीवरच लिहिलेलं असतं.

मग पोराचं कसं तपासायचं? रविवारी मी त्याला विहिरीवर बसवला आणि एक गणित घातलं. ड्रीपच्या नळ्या पाच फुटांवर, ड्रीपर ४० सेंटीमीटरवर, ड्रीपर तासाला ४ लिटरचा. मोटार तासाला २० हजार लिटर पाणी देते. एका वेळी किती रान भिजेल?

"काका, हे कोणत्या धड्यातलं?"

कोणत्याच नाही, म्हटलं.

तासाभराने आला, म्हणाला अडीच एकर. मी काही बोललो नाही. जेवणं झाल्यावर परत आला. "अडीच एकर भिजत असतं तर तुम्ही एकराला दोन पाळ्या कशाला लावल्या असत्या? मी फूट आणि मीटर एकच धरलं. पाऊण एकर भिजेल." मला ९४ टक्क्यांपेक्षा हे जास्त आवडलं. आपलं चुकलंय हे त्याचं त्याला कळलं, आणि जेवताना पण ते डोक्यात होतं.

म्हणून भावाला म्हटलं, पोरात दम आहे, पण एकर गहाण टाकू नको. अकरावी तालुक्यालाच सायन्सला घाल. जेईईच्या जुन्या प्रश्नपत्रिका फुकट मिळतात. आयआयटी कानपूरचं 'साथी' पोर्टल फुकट आहे. दिवाळीपर्यंत जेवढे धडे होतील तेवढ्यांवरचे जुने प्रश्न घड्याळ लावून सोडवून घे, मग ठरव. लागलाच क्लास, तर तेव्हा सूट मागायला हातात काहीतरी असेल. मेनचा पेपर मराठीतून मिळतो, पण ॲडव्हान्स फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते. तेव्हा इंग्रजी शब्दांची सवय आत्तापासून हवी.

आणि नजर एकट्या आयआयटीवर नको. आयआयटीत राज्याचा कोटा नसतो. नागपूरच्या व्हीएनआयटीत मात्र निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांना आहेत, आणि त्या जेईई मेनवरच भरतात. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय हे एमएचटी-सीईटीवर मिळतं. अभ्यास बहुतेक तोच. (आपल्या कृषीवाल्या मित्रांसाठी: खरगपूरच्या आयआयटीत कृषी आणि अन्न अभियांत्रिकीचं बीटेक आहे. कॉम्प्युटरपेक्षा बऱ्याच मागच्या रँकला मिळतं. पोराला हे सांगितलं तर त्याने तोंड वाकडं केलं!)

वहिनीला एकच सांगितलं. पोरगं बाहेर ठेवलं आणि रात्री रडत फोन आला, तर "एवढे पैसे भरलेत" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. जमीन गहाण ठेवून पाठवलेल्या पोराला ते न बोलताही ऐकू येतं, म्हणून तर मी गहाणाला आडवा आलो.

भाऊ अजून हो पण म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही. क्लासवाल्यांनी सोमवारपर्यंत मुदत दिलीय. तुमच्यापैकी कोणाचं पोर क्लास न लावता, किंवा घराजवळ राहून लागलं असेल तर लिहा, त्याला वाचून दाखवतो.

गोणपाट आज उघडलं. शंभरातले ७४ उगवले. सत्तरच्या वर आहे, बियाणं चालेल. पाऊस शंभर मिलिमीटर होईपर्यंत मात्र तिफण काढत नाही.