मृत्युपत्र आणि माणूस

वाटणीवरून भाऊबंदकी माजणे आपल्याकडे नवे नाही. परंतु यादवी युद्धापूर्वीच्या दक्षिण अमेरिकी राज्यांत वारसांच्या याद्यांत जमीन, घोडे आणि माणसे एकाच रकान्यात येत. मेरीलँडमधील अ‍ॅरन अँथनी १८२६ साली वारला, तेव्हा त्याच्या गुलामांना गुराढोरांबरोबर उभे करून त्यांची किंमत ठरवली गेली. त्यांत पुढे फ्रेडरिक डग्लस म्हणून ख्यात झालेला एक लहान मुलगा होता.

मालक दयाळू असता तर हे टळले असते, असे मानणाऱ्यांनी व्हर्जिनियातील कस्टिस घराण्याचे प्रकरण पाहावे. जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस १८५७ साली वारले. आपल्या गुलामांना पाच वर्षांच्या आत मुक्त करावे, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहिले. पण चार नातींना प्रत्येकी दहा हजार डॉलर द्यावेत, असेही त्यातच लिहिले. शिवाय कर्ज होतेच. व्यवस्थापक होते जावई रॉबर्ट ई. ली. त्यांनी आधी देणी, मग मुक्ती असा हिशेब धरला, माणसे दूरवर भाड्याने दिली आणि मुदतवाढीसाठी न्यायालय गाठले. पळून गेलेल्या वेस्ली नॉरिसला पकडून आणून फटके मारले गेले. त्याची जबानी १८६६ साली प्रसिद्ध झाली. मुक्तिपत्र निघाले ते मुदत संपल्यावर, डिसेंबर १८६२ मध्ये. नातींच्या वारशासाठी जी वर्षे खर्ची पडली, ती गुलामांच्या आयुष्यातील होती.

१८५८ साली व्हर्जिनियाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने तर यापुढचे पाऊल टाकले. पॉइंडेक्स्टर नावाच्या मालकाने मुक्ती की विक्री, ही निवड गुलामांवर सोपवली होती. गुलामाला कायद्याने इच्छाच नसते, म्हणून ती तरतूद रद्दबातल ठरली!

येथे दोष एका वारसाच्या लोभाचा नाही. माणूस एकदा तारण ठरला की धनकोचा दावा त्याच्या स्वातंत्र्याहून वरचढ ठरतो. मालकाचे औदार्यदेखील कर्जवसुलीनंतरच लागू होते. १८६२ साली राजधानी वॉशिंग्टनमध्ये गुलामगिरी संपवली गेली, तेव्हाही नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना, राबणाऱ्यांना नव्हे.

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. त्या अर्पणाचा अर्थ हाच की, गुलामांची मुक्ती मालकाच्या मृत्युपत्रावर सोपवता येत नाही. त्यासाठी मालकीचा कायदाच मोडावा लागतो.