घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

घरात कुणी घोरायला लागलं की आपण हसतो. ‘अब्बा दमलेत, गाढ झोपलेत,’ म्हणून कूस बदलतो. मला हा गैरसमज जिवावर बेतणारा वाटतो.

मोठ्याने घोरता घोरता श्वास थांबणं, मग दचकून धाप लागणं हे स्लीप ॲप्नियाचं लक्षण असू शकतं. या आजारात झोपेत घशातला श्वासमार्ग बंद होतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू क्षणभर जागा होतो. एका रात्रीत हे शेकडो वेळा घडू शकतं. म्हणून आठ तास झोपूनही माणूस थकलेलाच उठतो. डोकं जड होतं, चिडचिड होते, दिवसा डुलक्या लागतात. पुढे रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. आपण मात्र त्याला आळशी ठरवून मोकळे होतो.

आता आपल्या नागपूरचंच बघा. 11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा टप्पा सुरू झाला. आज हा रस्ता मुंबईच्या दिशेने 701 किलोमीटर जातो. तासन्‌तास सरळ, एकसुरी रस्ता. धडधाकट माणूसही तिथे पेंगतो, मग ॲप्निया असलेल्या ड्रायव्हरचं काय होत असेल?

ट्रक, टॅक्सी, ट्रॅव्हल्स चालवणारे कितीतरी जण मोमिनपुरा, ताजबागसारख्या आपल्या वस्त्यांतले आहेत. झोपेची तक्रार केली तर गाडी हातून जाईल, या भीतीने ते गप्प राहतात. चहा आणि खर्ऱ्यावर रात्र काढतात. पण खर्ऱ्याने झोप भरून निघत नाही. अपघात झाला की दोष एकट्या ड्रायव्हरचा, हे मला मान्य नाही. विश्रांती न देता फेरीवर फेरी लावणारा मालकही तितकाच जबाबदार आहे.

या आजारावर उपचार आहेत. बहुतेकदा एका रात्रीच्या तपासणीत निदान होतं. नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र 1981 पासून ज्ञात आहे. जाड व्यक्तीने वजन घटवलं तरी फरक पडतो.

आपल्या मोहल्ल्यांत रक्तदान आणि नेत्रतपासणीची शिबिरं होतात. पुढच्या शिबिरात ड्रायव्हरांना दोन प्रश्न जरूर विचारा: झोपेत श्वास अडकतो असं घरचे सांगतात का? स्टीअरिंगवर डोळा लागतो का? उत्तर ‘हो’ असेल तर त्याला डॉक्टरकडे न्या आणि त्याची रोजी बुडणार नाही, यासाठी मालकाशी बोलायलाही सोबत जा.