अमेलिया गेली कुठे?

दोस्तांनो, आजची गोष्ट सुरू करण्याआधी एक छोटासा प्रयोग. घरातलं जुनं वर्तमानपत्र जमिनीवर पसरा आणि पट्टीने त्यावर ४१ सेंटिमीटर लांबीची सरळ रेघ ओढा. एक सेंटिमीटर म्हणजे १०० किलोमीटर असं धरायचं. आता रेघेच्या टोकाला पेन्सिलीने अगदी बारीक ठिपका द्या. झालं? तुमचा ठिपका मोठाच झाला! कारण तिथे एक बेट दाखवायचंय आणि या मापाने ते जेमतेम पाव मिलिमीटर भरतं.

त्या बेटाचं नाव हाउलंड. प्रशांत महासागराच्या मधोमध, दोन-अडीच किलोमीटर लांब आणि किलोमीटरभरसुद्धा रुंद नाही. पाण्याच्या वर डोकं काढलंय तेही काही मीटरच. २ जुलै १९३७ रोजी अमेलिया इअरहार्ट ही अमेरिकन वैमानिक आकाशातून हे बेट शोधत होती. तिला बेट सापडलं नाही, आणि त्यानंतर ती कुणालाच सापडली नाही.

अमेलिया काही नवशिकी नव्हती, बरं का! १९३२ साली तिने एकटीने, कुठेही न थांबता, अटलांटिक महासागर पार केला होता. असं करणारी ती पहिलीच स्त्री. त्या प्रवासात उंची दाखवणारं यंत्र बंद पडलं, पंखांवर बर्फ साचला, तरी डोकं शांत ठेवून तिने विमान आयर्लंडमधल्या एका कुरणात उतरवलं. १९३५ साली हवाई बेटांपासून कॅलिफोर्नियापर्यंतही ती एकटीच उडाली.

आता तिला पृथ्वीप्रदक्षिणा करायची होती, तीही विषुववृत्ताच्या आसपासच्या लांबलचक वाटेने. दोन इंजिनांचं लॉकहीड इलेक्ट्रा विमान आणि सोबतीला वाटाड्या फ्रेड नूनन. प्रशांत महासागरावरचे हवाई मार्ग शोधण्याचा नूननला चांगला अनुभव होता. जूनच्या मध्यावर हे दोघे आपल्याकडेही येऊन गेले! कराची तेव्हा हिंदुस्थानातच होती. तिथे अमेलियाने उंटावर बसायची हौस भागवून घेतली. मग कलकत्त्याचा डमडम विमानतळ, आणि पुढे ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर गाठ पडली ती आपल्या मोसमी पावसाशी. तो असा काही कोसळला, की एकदा तर त्यांना मागे फिरावं लागलं.

जूनअखेर ते न्यू गिनीमधल्या लाए इथे पोहोचले. ३५ हजार किलोमीटर मागे पडले होते. उरले होते सुमारे ११ हजार, पण जवळजवळ सगळे पाण्यावरचे. त्यातला पहिला टप्पा म्हणजे तुमच्या वर्तमानपत्रावरची ती रेघ : लाए ते हाउलंड, सुमारे ४१०० किलोमीटर.

आता रेघेची दिशा फक्त एक अंशाने चुकवून पाहा. टोक सात मिलिमीटर बाजूला सरकेल. म्हणजे खऱ्या समुद्रात ७० किलोमीटर! उपग्रहावरून वाट दाखवणारी यंत्रं तेव्हा नव्हती. होकायंत्र, घड्याळ आणि सूर्य-ताऱ्यांची उंची मोजणं, यावरच सारी भिस्त. ढग आले की तारे दिसेनासे होतात आणि वारा विमानाला कधी बाजूला ढकलतो ते कळतही नाही.

शेवटच्या काही किलोमीटरसाठी रेडिओची मदत घ्यायची असं ठरलं होतं. हाउलंडजवळ ‘इटास्का’ हे अमेरिकन तटरक्षक जहाज उभं होतं. अमेलियाचा आवाज जहाजावर स्पष्ट येत होता, पण जहाजावरून बोललेलं तिला ऐकू जात नव्हतं. आपल्या आवाजावरून जहाजाने दिशा ओळखावी असं ती सांगत होती, पण ती ज्या लहरींवर बोलत होती त्यांची दिशा जहाजावरच्या यंत्राला लावता येत नव्हती. जहाजाने मोर्सच्या टिक-टिक संकेतांचा मारा केला, तर अमेलिया आणि नूनन दोघेही मोर्समध्ये कच्चे! जहाजाने काळा धूर सोडून पाहिला. तोही दिसला नाही.

सकाळी ७ वाजून ४२ मिनिटांनी तिचा निरोप आला. आपण बेटाजवळच असायला हवं, पण काहीच दिसत नाही आणि पेट्रोल संपत आलंय, असं ती सांगत होती. तासाभराने आणखी एक निरोप आला. त्यानंतर शांतता.

अमेरिकेच्या नौदलाने विमानवाहू जहाजसुद्धा शोधाला पाठवलं. १९ जुलैला शोध थांबला. हाती काहीच लागलं नाही.

मग सुरू झाले तर्क. पहिला तर्क साधा : पेट्रोल संपलं आणि विमान हाउलंडच्या आसपास बुडालं. बहुतेक जाणकारांना हाच पटतो. दुसरा तर्क असा की, ते दोघे सुमारे ६५० किलोमीटरवरच्या निकुमारोरो बेटावर उतरले. तिथे १९४० साली माणसाची हाडं सापडली होती. ती पुरुषाची आहेत असं १९४१ साली एका डॉक्टरने ठरवलं. पुढे हाडंच हरवली! उरली फक्त कागदावरची मापं. २०१८ साली एका शास्त्रज्ञाने ती पुन्हा तपासली आणि ती अमेलियाशी चांगली जुळतात असं म्हटलं. पण २०१९ साली टायटॅनिक शोधणारे रॉबर्ट बॅलर्ड तिथे गेले, तेव्हा विमानाचा एक तुकडाही मिळाला नाही.

तिसरा तर्क जपान्यांनी तिला पकडल्याचा. २०१७ साली टीव्हीवर एक जुना फोटो झळकला. धक्क्यावर पाठमोरी बसलेली ती अमेलियाच, असं सांगितलं गेलं. काही दिवसांतच एका जपानी माणसाने तोच फोटो एका जुन्या पुस्तकात शोधून काढला. पुस्तक छापलं होतं १९३५ साली! म्हणजे अमेलिया हरवण्याच्या दोन वर्षं आधी.

आणि २०२४ची गंमत ऐका. समुद्राच्या तळाशी ध्वनिलहरींनी टिपलेल्या चित्रात हुबेहूब विमानासारखा आकार दिसला. जगभर बातमी झाली. त्याच वर्षी पथकाने जवळ जाऊन पाहिलं, तर काय? खडक!

मला तो जपानी माणूस फार आवडतो. फोटोतली बाई अमेलियासारखी दिसते की नाही, या वादात तो पडलाच नाही. हा फोटो मुळात कधीचा, एवढंच त्याने विचारलं. उत्तर माहीत नसलं की कुठलंही उत्तर चालतं असं थोडंच आहे? उलट अशा वेळी जास्त कसून तपासायला हवं. एका खऱ्या माणसाच्या शेवटाची ही गोष्ट आहे.

अमेलिया आणखी तीन आठवड्यांनी चाळीस वर्षांची झाली असती. १९२९ साली स्त्री-वैमानिकांची जी संघटना उभी राहिली, तिची ती पहिली अध्यक्ष. सुरुवातीला ९९ जणी सभासद झाल्या, म्हणून नावच पडलं ‘नाइंटी-नाइन्स’. ही संघटना आजही आहे. अमेलिया कुठे गेली हे कळो न कळो, ती कुठवर पोहोचली होती ते आपल्याला पक्कं माहीत आहे.

तुम्हाला कोणता तर्क पटतो? पत्रं येऊ द्या. अट एकच : तर्कापुढे ‘कशावरून?’ याचं उत्तरही लिहायचं!