नव्या धंद्यांत मिस्त्री मोठा कीं मुनीम?

हल्लीं गांवोगांवीं शेतकरी उत्पादक कंपन्या निघत आहेत. इ. स. २००२ च्या दुरुस्तीनें कंपनी कायद्यांत त्यांस स्थान मिळालें, व दहा उत्पादक एकत्र आले तरी अशी कंपनी काढतां येते. गोष्ट इष्टच आहे. परंतु पहिल्या सभेंत चर्चा होते ती यंत्रांची. डाळीची गिरणी कोणती घ्यावी, प्रतवारीचें यंत्र ताशीं किती टनांचें असावें, इत्यादि. डाळ घेणार कोण, उधारी किती दिवसांची द्यावयाची, आणि पैसे अडकले तर पुढील तूरखरेदी कशांतून व्हावयाची, हे प्रश्न जो काढतो तो अपशकुनी ठरतो. जन्म दप्तरांत गेला म्हणून हा हिशेबाची तरफदारी करतो, असें कोणी म्हणतील, म्हणोत बापडे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचें उदाहरण आपल्या घरचेंच आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक राहिलेले हे गृहस्थ. यंत्रविद्येंत त्यांस नांवें ठेवण्यास जागा नव्हती. तरीही त्यांचा पहिला लोखंडी नांगर विकला जाण्यास दोन वर्षें लागलीं. लोखंडानें जमिनीस विष बाधतें, अशी आपल्याच वाडवडिलांची समजूत! ही हरकत भट्टींत वितळणारी नव्हती. ती बांधावर जाऊनच दूर व्हावयाची होती. पुढें १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली. १९२० सालीं मर्यादित कंपनी झाली, आणि त्याच वर्षीं पुतणे शंकरराव यांनीं ‘किर्लोस्कर खबर’ हें मासिक सुरू केलें. शंकरराव चित्रकला शिकलेले. ओतकाम हा त्यांचा विषय नव्हे. पण कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकापर्यंत नेणारा मनुष्यही कारखान्यास लागतो, हें त्या घरानें वेळींच ओळखलें.

तथापि केवळ व्यापारी बसविला म्हणजे झालें, असेंही नाहीं. फाळ लवकर झिजतो ही तक्रार ऐकून जो ओतशाळेपर्यंत पोंचवीत नाहीं, त्यास दुसऱ्या वर्षीं त्या गांवांत कोणी उभें करीत नाहीं.

आपल्या मंडळींस माझी सूचना अशी कीं, यंत्राच्या कर्जाचा अर्ज करण्यापूर्वीं एक हंगाम तुरी भाड्याच्या गिरणींत भरडून घ्याव्या व डाळ विकून पाहावी. दुकानदार किती कसर कापतो, पोतें परत कां येतें, वसुली किती दिवसांनीं होते, हें सर्व वहींत उतरेल, व मग गिरणी केवढी घ्यावी हेंही त्या वहीवरूनच समजेल. विक्रीस व हिशेबास जो ठेवावयाचा, त्याचें वेतन मिस्त्रीपेक्षां कमी असूं नये. अध्यक्षांचे मेहुणे मोकळेच आहेत म्हणून त्यांस त्या जागीं बसविण्याची चाल तर प्रथम बंद व्हावी.