दोन कप्पे पुरेत
दिवाळीच्या शारदापूजनाला आता वहीशेजारी संगणकही मांडला जातो. न्हावऱ्यातील लहान पेढीचाही रोजमेळ आणि खतावणी टॅलीत असते. मात्र ती बहुधा विंडोजसोबत ‘सी’ ड्राइव्हमध्येच राहते. विंडोज नव्याने टाकताना ‘सी’ पुसला की हिशेबही पुसला जातो.

५१२ जीबीच्या डिस्कचे दोनच भाग करावेत. सुमारे २०० जीबी ‘सी’ला, उरलेली जागा ‘डी’ला. कंपनीचा डेटा ‘डी’त हलवून टॅलीतील डेटा पाथ बदलावा. चार-पाच भागांची जुनी हौस व्यर्थ. एक तुडुंब भरतो, शेजारचा रिकामाच.

जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपणे बंधनकारक आहे. डिस्कच निकामी झाली तर दोन्ही भाग एकदम जातात. म्हणून रोजची प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि तो रात्री दुकानात ठेवू नये.